जपानमधलं बिनस्टाफचं स्टेशन नेमकं चालतं कसं?

तो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. जपानमध्ये बर्फात एक छोटंसं स्टेशन, तिथून रोज एकच शाळकरी मुलगी गाडीत बसते, आणि रेल्वेने ठरवलंय की तिची शाळा संपेपर्यंत स्टेशन बंद करायचं नाही, टाइमटेबलसुद्धा तिच्या शाळेच्या वेळेप्रमाणे लावलंय. २०१६ च्या जानेवारीत ही गोष्ट जगभर फिरली, अजूनही अधूनमधून फिरते, आणि खाली कोणीतरी लिहितंच की बघा, याला म्हणतात देश. गोष्ट पूर्ण खोटी नाही, पण जशी सांगतात तशी खरीही नाही. आणि त्यामागे जे खरं आहे ना, म्हणजे अशी स्टेशनं चालतात कशी, त्यांचा खर्च कोण करतं आणि ती बंद कधी होतात, ते फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून सगळं सोपं करून लिहितोय.

आधी त्या मुलीचं बघू. होक्काइदो म्हणजे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट, तिथे सेकिहोकु मेन लाइन नावाचा मार्ग आहे आणि त्यावर एन्गारू नावाचं गाव. फॉरवर्डमध्ये स्टेशनचं नाव कामी-शिराताकी असतं, पण ती मुलगी चढायची क्यू-शिराताकीला. दोन्ही त्याच लाइनवरची, मध्ये शिराताकी नावाचं तिसरं स्टेशन. कामी-शिराताकीला दिवसाला जाणारी एक गाडी आणि येणारी एक गाडी थांबायची, आणि हे 'एकच गाडी' प्रकरण मुलीच्या गोष्टीला कोणीतरी जोडून टाकलं. क्यू-शिराताकीवरून रोज जाणारी ती एकटीच होती हे खरं, पण गाडी तिच्या एकटीसाठी नव्हती, त्याच गाडीने पुढे एन्गारूच्या शाळेत जाणारी बाकीची मुलंही असायची. २६ मार्च २०१६ ला क्यू-शिराताकी, कामी-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तिन्ही स्टेशनं एकदम बंद झाली. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि जेआरचं, म्हणजे तिकडच्या मुख्य रेल्वे कंपन्यांचं, मोठं टाइमटेबलही मार्चमध्येच बदलतं, त्यामुळे दोन्ही तारखा जुळून आल्या, बंद करायचं कारण मात्र साधं होतं, चढायला माणसंच उरली नव्हती. त्याच दिवशी, अगदी त्याच २६ मार्चला, होक्काइदोची पहिली शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन सुरू झाली. आता त्या लाइनवर कामीकावा स्टेशन सोडलं की पुढचं स्टेशन शिराताकी, ३७.३ किलोमीटरवर, मध्ये काहीच नाही, आणि जेआरच्या साध्या म्हणजे शिंकान्सेन सोडून बाकीच्या मार्गांवर दोन शेजारी स्टेशनांमधलं हे सगळ्यात लांब अंतर आहे.

तर अशा बिनस्टाफच्या स्टेशनला तिकडे मुजिन-एकी म्हणतात. आपल्याला वाटतं की हा कुठेतरी कोपऱ्यातला अपवाद असणार. पण सरकारी आकड्यांप्रमाणे मार्च २०२० अखेर जपानमध्ये ९,४६५ स्टेशनं होती आणि त्यातली ४,५६४ स्टाफ नसलेली. म्हणजे जवळपास निम्मी! ज्या देशाची रेल्वे म्हटलं की टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनची गर्दी आणि पांढरे हातमोजे घातलेले कर्मचारी डोळ्यासमोर येतात, तिथल्या निम्म्या स्टेशनांवर तुम्ही उतरलात तर तिकीट बघायला कोणीही नसतं. काही ठिकाणी सकाळी गर्दीच्या वेळेला माणूस असतो आणि दुपारनंतर नसतो, तो प्रकार वेगळा आणि तोही वाढत चाललाय.

आता मुळात एवढ्याशा स्टेशनावर माणसं लागायचीच कशाला, हे कळलं की ती काढता कशी आली हे आपोआप कळतं. तिकीट विकणं हे सगळ्यात छोटं काम होतं. मोठं काम होतं गाड्या एकमेकांवर आदळू न देणं. ग्रामीण मार्ग बहुतेक एकेरी, म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ आणि दोन्हीकडच्या गाड्या त्याच्यावरून जाणार. त्यासाठी टॅब्लेट पद्धत होती, आपल्याकडेही एकेरी मार्गांवर टोकन असायचं तोच हा प्रकार. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक मशीन, दोन्ही तारेने जोडलेली, आत धातूच्या चकत्या. एका वेळी दोन्ही मशीन मिळून एकच चकती बाहेर निघू शकते, आणि ज्या ड्रायव्हरच्या हातात ती चकती आहे त्यानेच त्या तुकड्यात गाडी घालायची. चकती चामड्याच्या पाकिटात, पाकिटाला मोठी कडी, आणि स्टेशनवरचा माणूस फलाटावर उभा राहून ती ड्रायव्हरला देणार, आलेल्या गाडीची परत घेणार, मशीनमध्ये टाकणार, शेजारच्या स्टेशनला फोन करणार, सांधे बदलणार म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जाईल ते ठरवणार. दिवसरात्र, बर्फ असो की पाऊस. जिथे गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं त्या प्रत्येक स्टेशनावर हे चालायचं, म्हणजे पाळीपाळीने करायला तीन-चार माणसं तरी हवीतच.

मग आलं केंद्रीय नियंत्रण, ज्याला सीटीसी म्हणतात. रुळांतून हलका करंट सोडलेला असतो, गाडी त्या तुकड्यात आली की चाकांमुळे सर्किट जुळतं आणि दूर कुठल्यातरी शहरातल्या कंट्रोल रूममधल्या पॅनलवर कळतं की गाडी इथे आहे, आणि तिथे बसलेला एकच माणूस शंभर किलोमीटरवरचे सांधे आणि सिग्नल बदलू शकतो. झालं. लाइनभरच्या डझनभर स्टेशनांमधली गाड्या सांभाळणारी माणसं एका फटक्यात मोकळी.

दुसरं मोठं काम होतं माल. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. छोट्या स्टेशनावर प्रवासी कमी असले तरी लाकूड, बटाटे, कोळसा, खत यांचे एकेक दोनदोन डबे सुटायचे आणि यायचे, ते पुढे मोठ्या यार्डात जोडून गाडी बनायची. ट्रकने हा धंदा खाल्ला, आणि १ फेब्रुवारी १९८४ च्या टाइमटेबलमध्ये सरकारी रेल्वेने म्हणजे कोकुतेत्सूने यार्डात डबे जोडून माल न्यायची पद्धतच बंद केली. पार्सलचं तेच झालं, १९७६ ला ताक्युबिन म्हणजे घरपोच कुरिअर सुरू झालं होतं, लोकांना स्टेशनवर जाऊन पार्सल टाकायची गरज उरली नाही, आणि १९८६ ला रेल्वेची ती सेवाही जवळपास संपली. सिग्नल गेले, माल गेला, पार्सल गेलं, उरलं काय तर दिवसाला पंधरा-वीस तिकिटं. त्यासाठी तीन पाळ्यांचा पगार कोण देणार.

याच काळात मालगाडीच्या शेवटचा गार्डचा डबाही निकामी झाला, आणि होक्काइदोत असे डबे चाकं काढून थेट फलाटाच्या बाजूला ठेवले आणि त्यांचीच वेटिंग रूम केली. जुनी लाकडी स्टेशन इमारत पाडायची, नवीन बांधायला पैसे नाहीत, डबा फुकट पडलाय, ठेवा तो. अशी कितीतरी 'डबा स्टेशनं' तिथे झाली. सोया मेन लाइनवर नुकानान नावाचं स्टेशन आहे, तिथे तर डबाही नाही, घराच्या अंगणात फावडी-कुदळी ठेवायला मिळते तसली पत्र्याची रेडीमेड शेड आणून ठेवलीय, आणि फलाट म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा, गाडीच्या एका डब्यापेक्षाही तोकडा. उणे वीसमध्ये वारा सुटला की त्या शेडची किंमत कळते हो, हसण्यावारी नेऊ नका.

आता तिकिटाचं. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण यात सगळी अक्कल मांडणीत आहे, महागडी मशीन फार नाही. या मार्गांवर एका डब्याची, फार तर दोन डब्यांची डिझेल गाडी असते आणि तिच्यात एकच कर्मचारी, ड्रायव्हर. याला ते वानमान म्हणतात. आपल्या एसटीची विनावाहक गाडी आठवा, फरक इतकाच की विनावाहकमध्ये तिकीट गाडी सुटायच्या आधीच फाडलेलं असतं आणि इथे सगळा हिशोब उतरताना होतो.

होतं असं की गाडी थांबली की मागचं दार उघडतं, थंडीच्या भागात तर दार आपोआप उघडतही नाही, बटण दाबावं लागतं म्हणजे आतली ऊब टिकते. चढल्या चढल्या दाराशी एक छोटं मशीन, त्यातून कागदाचा चिठोरा बाहेर आलेला असतो, त्यावर नंबर. हे सेइरिकेन. तुम्ही सातव्या स्टेशनवर चढलात तर ७. तो नीट ठेवायचा. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बोर्ड असतो, त्यावर १, २, ३ अशा चौकटी आणि प्रत्येक चौकटीखाली भाडं, आणि गाडी एकेक स्टेशन पुढे गेली की ते भाडं बदलत जातं, म्हणजे कुठल्याही क्षणी तुम्ही वर बघायचं, माझा नंबर ७, सातखाली ४४० लिहिलंय, म्हणजे आत्ता उतरलो तर ४४० येन. उतरायचं स्टेशन आलं की पुढे ड्रायव्हरपाशी जायचं, त्याच्या बाजूला काचेचा गल्ला असतो, त्यात चिठोरा आणि बरोब्बर ४४० येन टाकायचे. बरोब्बर म्हणजे खरंच बरोब्बर, कारण सुटे परत मिळत नाहीत. त्याच गल्ल्यात नाणी पाडून देणारी वेगळी फट असते, तिच्यात हजाराची नोट टाकली की नाणी खाली येतात, ती घेऊन मग मोजून भाडं टाकायचं. दहा हजाराची नोट घेऊन पुढे गेलात तर तुमच्यामुळे गाडी लेट, आणि जपानमध्ये तो ताण ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर दिसत नसला तरी टाइमटेबलवर दिसतो.

मग कोणी पैसे न देता उतरलं तर? दोन डबे असले तरी अशा स्टेशनवर फक्त पहिल्या डब्याची दारं उघडतात, आणि उतरायचं दार ड्रायव्हरच्या खांद्याशी. म्हणजे पळून जायला वाटच नाही, प्रत्येक जण ड्रायव्हरच्या समोरून जाणार. स्टेशनाला गेट बांधायच्या ऐवजी गाडीच्या दारालाच गेट करून टाकलं, एवढी साधी गोष्ट आहे. शहराच्या जवळच्या, जरा गर्दीच्या बिनस्टाफ स्टेशनांवर सगळी दारं उघडतात, तिथे तिकीट मशीन असतं, कार्ड टॅप करायचे खांब असतात आणि अधूनमधून तपासनीस येतात.

या सगळ्यात त्या एका ड्रायव्हरवर किती काम येऊन पडलं बघा. गाडी चालवायची, सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, घोषणा लावायची, भाडं बघायचं, पास तपासायचा, म्हातारी बाई हळूहळू उतरते तोवर थांबायचं, आरशात बघून दार लावायचं, रुळावर हरीण आलं तर त्याचंही तोच बघणार. स्टेशन बिनमाणसाचं झालं असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाचं काम तुकडे करून वाटून टाकलेलं असतं. थोडं कंट्रोल रूमला, थोडं ड्रायव्हरला, थोडं मशीनला, आणि बराच भाग गावाला.

गावाचा हा वाटा बाहेरून दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी तिकीट विक्री स्टेशनसमोरच्या दुकानदाराला किंवा गावातल्या संस्थेला कमिशनवर दिलेली असते, आपल्याकडे हॉल्टवर एजंट असतात ना, साधारण तसंच. ते रेल्वेचे नोकर नसतात. फलाटावर फुलांच्या कुंड्या, वेटिंग रूममध्ये बाकावर हाताने शिवलेल्या गाद्या, झाडू, पुस्तकांचं कपाट, ये-जा करणाऱ्यांनी चार ओळी लिहाव्यात म्हणून ठेवलेली वही, हे सगळं बहुतेक वेळा गावच्या लोकांनी आपणहून केलेलं असतं. होक्काइदोतच आबाशिरीजवळ किताहामा स्टेशन आहे, अगदी ओखोत्स्क समुद्राच्या काठावर, हिवाळ्यात समोर समुद्रात बर्फाचे तुकडे वाहत येतात. तिथे भिंती आणि छत जुन्या तिकिटांनी आणि व्हिजिटिंग कार्डांनी इतके भरलेत की मूळ लाकूड दिसत नाही, आणि जिथे पूर्वी स्टेशन मास्तरांचं ऑफिस होतं तिथे आता छोटं हॉटेल चालतं. वाकायामाजवळच्या किशी स्टेशनचं तर सगळ्यांना माहीतच आहे, २००६ मध्ये तिथला स्टाफ काढला आणि २००७ च्या जानेवारीत कंपनीने तामा नावाच्या मांजरीला स्टेशन मास्तर नेमलं, टोपीबिपी घालून. लोक मांजरीला बघायला लांबून गाडीने यायला लागले. मांजरीचं कौतुक खूप होतं, पण त्या लाइनच्या मागे कंपनी आणि गावं खंबीर उभी राहिली होती, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी सगळं तिथेच येतं.

१९८७ पर्यंत जपानची मुख्य रेल्वे सरकारी होती, कोकुतेत्सू. तिच्यावर ३७ लाख कोटी येनच्या वर कर्ज झालं होतं. १ एप्रिल १९८७ ला तिचे सहा प्रवासी कंपन्या आणि एक माल कंपनी असे तुकडे केले, त्या म्हणजे जेआर. टोकियो, नागोया, ओसाकाच्या आसपासच्या तीन कंपन्यांकडे शिंकान्सेन आणि लोकल, म्हणजे दुभती जनावरं. होक्काइदो, शिकोकू आणि क्युशू या बेटांवरच्या तीन कंपन्यांकडे डोंगर, बर्फ आणि विरळ वस्ती. त्या तोट्यात जाणार हे तेव्हाच माहीत होतं, म्हणून त्यांना एक मोठी ठेव दिली की हिच्या व्याजातून तोटा भरा. जेआर होक्काइदोची ठेव ६८२.२ अब्ज येन. हिशोब धरला होता ७.३ टक्के व्याजाचा, म्हणजे वर्षाला साधारण ५० अब्ज येन. आणि मग जपानमध्ये व्याजदर कोसळले. शून्याजवळ गेले. ठेव आहे तिथेच, पण तिच्यातून मिळणारे पैसे निम्म्यावर आले. होक्काइदोतल्या त्या पत्र्याच्या शेडचं आणि फळ्यांच्या फलाटाचं खरं कारण बरंचसं या एका व्याजदरात आहे, आणि ही गोष्ट फॉरवर्डमध्ये कधीच नसते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जेआर होक्काइदोने जाहीरच केलं की आमचे निम्मे मार्ग, १,२०० किलोमीटरच्या वर, आम्ही एकट्याने चालवू शकत नाही.

एखादी लाइन 'किती चालते' हे ते कसं मोजतात तेही समजून घ्या, कारण जपानी बातम्यांमध्ये हा आकडा सतत येतो. दिवसाला किती लोक चढले एवढंच मोजत नाहीत, लाइनच्या प्रत्येक किलोमीटरवरून दिवसाला सरासरी किती लोक गेले ते मोजतात. समजा १०० किलोमीटरची लाइन आहे आणि रोज हजार लोक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, तर आकडा हजार. तेच हजार लोक १० किलोमीटर जाऊन उतरले, तर आकडा फक्त शंभर. याला आपण प्रवासी घनता म्हणू. १९८० मध्ये सरकारने कायदा केला आणि ४,००० पेक्षा कमी घनतेच्या ८३ लाइन्स काढून टाकायच्या यादीत घातल्या, त्यातल्या ४५ च्या जागी बस आली आणि ३८ कोणत्या ना कोणत्या रूपात रेल्वे म्हणूनच राहिल्या, बहुतेक ठिकाणी जिल्हा-गाव आणि खाजगी पैसा एकत्र करून काढलेल्या कंपन्यांकडे. त्या कायद्यात सूटही होती, पर्यायी रस्ताच नसेल किंवा तो बर्फामुळे वर्षाला दहा दिवसांपेक्षा जास्त बंद राहत असेल तर लाइन वाचायची. पुढे रस्ते सुधारले, बोगदे झाले, गाड्या घरोघरी आल्या, आणि ज्या कारणाने लाइन वाचली होती ते कारणच उरलं नाही.

सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे हिरोशिमाच्या डोंगरातली गेइबी लाइन. तिच्या तोजो ते बिंगो-ओचिआइ या तुकड्यात दिवसाला तीन गाड्या जातात, तीन येतात, आणि २०१९ मध्ये प्रवासी घनता होती ११. अकरा माणसं! १०० येन कमवायला तिथे २५,००० येनच्या वर खर्च येत होता. हा आकडा बघून कोणीही म्हणेल बंद करा. पण त्या डोंगरात ज्याचं घर आहे आणि ज्याला डोळ्यांमुळे किंवा वयामुळे आता गाडी चालवता येत नाही, त्याला हा आकडा ऐकवून काय उपयोग? २०२३ मध्ये कायदा बदलला, आता कंपनी मागेल तर सरकार मध्ये बसून कंपनी आणि गावांची बैठक घडवू शकतं, आणि अशी पहिली बैठक गेइबी लाइनच्याच एका तुकड्यासाठी २०२४ च्या सुरुवातीला बसली.

लाइनचं भांडण मोठं असतं, एकट्या स्टेशनचं छोटं. स्टेशन ठेवायला काय लागतं? लाइट, फलाटाची डागडुजी, आणि उत्तरेत बर्फ काढणं. गाडी तिथून जाणारच आहे, थांबली काय आणि न थांबली काय, पण फलाटावरचा बर्फ कोणीतरी काढायलाच हवा नाहीतर चढणारा घसरून रुळावर पडेल. दिवसाला एक माणूस चढणार असला तरी बर्फ शंभर माणसांइतकाच पडतो. त्यामुळे जेआर होक्काइदो आता गावांना सरळ विचारते, तुम्ही खर्च उचलता का, नाहीतर आम्ही बंद करतो. २०२१ च्या मार्चमध्ये एका दिवसात १८ स्टेशनं बंद झाली, आणि त्याच वेळी आणखी कितीतरी स्टेशनांचा खर्च गावांनी आपल्या अंगावर घेतला.

यातलं माझं सगळ्यात आवडतं स्टेशन कोबोरो. मुरोरान मेन लाइनवर, तोयोउरा नावाच्या साधारण चार हजार वस्तीच्या गावाच्या हद्दीत. दोन बोगद्यांच्या मधल्या छोट्याशा फटीत हे स्टेशन आहे, पुढे समुद्र, मागे उभा डोंगर आणि रस्ता नाही. म्हणजे गाडीनेच यायचं, गाडीनेच जायचं. १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, एकेरी मार्गावर जास्त गाड्या काढता याव्यात म्हणून इथे क्रॉसिंगची जागा केली होती, नंतर मार्ग दुहेरी झाला, आणि १९८७ मध्ये ते कागदोपत्री स्टेशन झालं. आसपास घर नाही. मग तिथे उतरतं कोण, तर मासे पकडणारे आणि हे स्टेशन बघायला येणारे. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस धाडधाड निघून जातात, मोजक्या लोकल थांबतात. २०१५ मध्ये जेआरने बंद करायचं म्हटलं तेव्हा तोयोउराने सांगितलं, आम्ही खर्च देतो, आणि २०१६ पासून गावच ते सांभाळतंय. रहिवासी एकही नाही तिथे! पण गावाचं नाव देशभर ज्याच्यामुळे माहीत झालं ते हे स्टेशन आहे, आणि एवढ्या छोट्या गावाने शांतपणे हिशोब करून ते ठेवायचं ठरवलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

सगळीकडे असं होत नाही. होक्काइदोच्या उत्तर टोकाला वाक्कानाइ शहर आहे, त्याच्या अलीकडचं बाक्काइ स्टेशन १९२४ चं, लाकडी इमारतीचं, आणि जपानमधलं सगळ्यात उत्तरेचं बिनस्टाफ स्टेशन. काही वर्षं नगरपालिकेने खर्च दिला, पण तोच पैसा बाकी लोकांच्या सोयीसाठी लागतो असं ठरलं, आणि १५ मार्च २०२५ ला ते बंद झालं. नगरपालिकेला दोष देता येत नाही, त्यांच्याकडेही म्हातारी माणसं वाढतायत आणि त्यांना दवाखान्यात न्यायला वाहन लागतंच. वाईट वाटतं पण.

आणि एका बाबतीत मात्र मला कौतुक वाटत नाही, राग येतो. स्टाफ काढला की धडधाकट माणसाचं फारसं अडत नाही, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला फलाट आणि गाडी यांच्यामध्ये फळी टाकून द्यायला कोणीतरी लागतं. स्टेशनवर माणूस नाही म्हणजे आधी फोन करून कळवा, मग दुसऱ्या स्टेशनवरून कोणीतरी येणार. बाकीचे लोक मनात आलं की निघतात आणि यांनी मात्र आधी परवानगी मागितल्यासारखं करायचं. दृष्टिहीन माणसाला फलाटावर गाडी उशिरा आहे की रद्द आहे हे सांगणारंही कोणी नसतं. २०२० मध्ये क्युशूमधल्या ओइता इथे अपंग प्रवाशांनी यावरून जेआर क्युशूवर कोर्टात दावाच टाकला, की हे आमच्या फिरण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आहे. त्यानंतर २०२२ मध्ये सरकारने बिनस्टाफ स्टेशनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, कॅमेरे, बोलायचा इंटरकॉम, स्क्रीनवर अक्षरं, ड्रायव्हरने उतरून मदत करणं वगैरे. पण इंटरकॉम फळी टाकत नाही.

वाचवायचा एक मार्ग निघालाय तो पण सांगतो. फुकुशिमा प्रांतात तादामी लाइन २०११ च्या जुलैच्या पुरात एका तुकड्यात वाहून गेली, पूलच्या पूल गेले. कंपनीला ती परत बांधणं परवडणारं नव्हतं. अकरा वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ ला ती पुन्हा सुरू झाली, आणि ती अशी की त्या तुकड्याचे रूळ, पूल आणि स्टेशनं आता प्रांताच्या मालकीची, त्यांची देखभाल प्रांत करणार, आणि गाडी चालवणार जेआर. रस्ता सरकारने बांधायचा आणि बस कंपनीने चालवायची हे आपल्याला स्वाभाविक वाटतं, रेल्वेच्या बाबतीत मात्र रुळांचा खर्चही तिकिटातूनच निघावा अशी अपेक्षा असते, आणि मला वाटतं गावाकडच्या लाइन्सचा जीव याच अपेक्षेत अडकलाय.

तुमच्यापैकी कोणी जपानला जाणार असेल तर अशा एखाद्या लाइनवर जरूर जा, फक्त काही गोष्टी लक्षात ठेवा. नाणी आणि हजाराच्या नोटा जवळ ठेवा. शहरात कार्ड टॅप करून चढलात आणि जिथे ते कार्ड चालत नाही अशा स्टेशनवर उतरलात तर ड्रायव्हर चिठ्ठी देतो आणि कार्डवरची ती एंट्री नंतर स्टाफ असलेल्या स्टेशनवर जाऊन सोडवून घ्यावी लागते, त्यामुळे लांब जायचं असेल तर कागदी तिकीटच काढा. जेआर पास असेल तर उतरताना ड्रायव्हरला दाखवला की झालं. पहिल्या डब्यात बसा. दोआइला गेलात तर, म्हणजे गुन्माच्या डोंगरातलं ते स्टेशन जिथे एका बाजूचा फलाट बोगद्यात ७० मीटर खाली आहे, तिथे ४८६ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा परतीची गाडी पकडायला दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवून निघा. कचरापेटी कुठेच नसते, आपला कचरा आपल्या पिशवीत. आणि कुठेही उतरण्याआधी परतीची गाडी किती वाजता आहे ते बघा, कारण पुढची गाडी चार तासांनी असू शकते, आणि विचारायला तिथे कोणी नसेल.